माजी सैनिक वडिलांचे निधन: सैनिकी मानवंदना, सेवानोंदी आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैन्यदलातून निवृत्त होऊन गावी स्थायिक झालेल्या वडिलांचे निधन झाल्यावर मराठवाड्यातील कुटुंबांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आई लष्करी परिचर्या सेवेत किंवा अन्य सैनिकी सेवेत असेल, तरी बहुतेक उत्तरे तशीच लागू होतात. सेवेत असताना वीरमरण आलेल्या जवानाच्या अंत्यविधीची व्यवस्था त्याचे युनिट आणि जिल्हा प्रशासन स्वतःहून करतात. तो विषय वेगळा आहे आणि तो येथे घेतलेला नाही.

वडील माजी सैनिक होते. त्यांना सैनिकी मानवंदना मिळणे हा आमचा हक्क आहे का?

सरसकट हक्क नाही, आणि हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेले बरे. सीमेवरून जवानाचे पार्थिव गावी येते, तेव्हा तिरंगा, बंदुकीच्या फैरी, बिगुल आणि हजारोंचा जनसमुदाय आपण पाहिलेला असतो. त्यामुळे वीस-बावीस वर्षे नोकरी करून परतलेल्या सुभेदारांनाही तसाच निरोप आपोआप मिळेल, अशी घरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात निवृत्त सैनिकाच्या अंत्यविधीला लष्करी तुकडी पाठवायची की नाही, याचा निर्णय स्थानिक लष्करी ठाणे घेते आणि तो घेताना मृत व्यक्तीचा हुद्दा, शौर्यपदक, उपलब्ध मनुष्यबळ आणि गावाचे अंतर या सर्वांचा विचार होतो. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र किंवा अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र यांपैकी एखादे पदक वडिलांना मिळाले असेल, तर निधनाची बातमी कळवताना ते पहिल्याच वाक्यात सांगावे.

मात्र हक्क नाही म्हणून विचारूच नये, असे मुळीच नाही. अनेक ठिकाणी एक अधिकारी किंवा कनिष्ठ अधिकारी पुष्पचक्र घेऊन येतो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा प्रतिनिधी उपस्थित राहतो, तालुक्यातील माजी सैनिक संघटनेचे सदस्य गणवेशातील टोपी आणि पदके लावून रांगेत उभे राहतात व सलामी देतात. हे सारे वेळेवर कळवले तरच घडते. निधनाची बातमी तेराव्याला कळली, तर कोणाचीही इच्छा असून उपयोग होत नाही.

मग पहिल्या काही तासांत कोणाला कळवावे?

पहिला फोन आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला करावा. जुनी माणसे याला अजूनही सैनिक बोर्ड किंवा सोल्जर बोर्ड म्हणतात. हे राज्य शासनाचे कार्यालय असून ते पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत चालते. तेथील कल्याण संघटक बहुधा स्वतः माजी सैनिक असतात आणि कोणत्या लष्करी ठाण्याला निरोप द्यायचा, हे त्यांना नेमके माहीत असते. दुसरा फोन तालुक्यातील माजी सैनिक संघटनेच्या पदाधिकाऱ्याला करावा. माझ्या मते रात्री-अपरात्री किंवा रविवारी हाच फोन अधिक कामाचा ठरतो, कारण सुटीच्या दिवशी कार्यालयात फोन उचलला जाण्याची शाश्वती नसते.

मराठवाड्यात लष्कराचे मोठे ठाणे म्हणजे छत्रपती संभाजीनगरची छावणी. पैठण, गंगापूर किंवा जालना भागातील गावांसाठी ते सोयीचे आहे. पण उदगीर, देगलूर किंवा उमरग्याकडील गावांसाठी तो कित्येक तासांचा रस्ता आहे. आष्टी-कडा परिसराला तर अंतराने अहिल्यानगर जवळ पडते. म्हणून परस्पर एखाद्या ठाण्याला फोन लावत बसण्याऐवजी हा निर्णय सैनिक कल्याण अधिकाऱ्यांवर सोपवावा.

फोनवर पुढील गोष्टी सांगाव्यात: पूर्ण नाव, सेवाक्रमांक, हुद्दा, रेजिमेंट किंवा कोअर, निवृत्तीचे वर्ष, पदके, निधनाची वेळ, अंत्यविधीची ठरलेली वेळ आणि गावापर्यंतचा रस्ता. घरातील एकाच व्यक्तीने बोलावे आणि तिचाच क्रमांक सर्वांना द्यावा; तीन भाऊ तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या वेळा सांगतात, तेव्हा आलेली माणसेही स्मशानभूमीत ताटकळत उभी राहतात.

लष्करी तुकडी येईपर्यंत अंत्यविधी थांबवावा का?

निश्चित होकार आणि वेळ मिळाली असेल तर काही तास थांबणे योग्य आहे. केवळ आशेवर थांबू नये, विशेषतः उन्हाळ्यात.

पार्थिवावर आम्ही स्वतः तिरंगा पांघरू शकतो का?

नाही. भारतीय ध्वजसंहिता, २००२ आणि राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक अधिनियम, १९७१ यांनुसार राष्ट्रध्वज पार्थिवावर पांघरण्याची मुभा केवळ शासकीय इतमामातील, सशस्त्र दलांच्या किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यविधीपुरती आहे. कुटुंबाने, ग्रामपंचायतीने किंवा मित्रमंडळाने बाजारातून ध्वज आणून तो खासगी अंत्ययात्रेत पांघरला, तर भावना कितीही शुद्ध असली तरी कायद्याच्या दृष्टीने तो अवमान ठरतो आणि या अधिनियमात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. गावातील कोणी ऐन वेळी ध्वज घेऊन आलेच, तर त्यांना शांतपणे हे समजावून सांगण्याचे काम घरातील वडीलधाऱ्या माणसाकडे द्यावे. शोकाच्या घरात मुलांनी हा वाद घालणे बरे दिसत नाही.

सैनिकी अंत्यविधी मंजूर झाला असेल, तर ध्वज तुकडीच घेऊन येते. केशरी पट्टा डोक्याकडे ठेवला जातो. ध्वज चितेवर जाळायचा नसतो किंवा कबरीत उतरवायचाही नसतो. अग्नी देण्यापूर्वी अथवा दफनापूर्वी तो काढून, विधिपूर्वक घडी घालून ठेवला जातो. मराठवाड्यात लिंगायत आणि मुस्लिम कुटुंबांत दफन होते, बौद्ध व अन्य कुटुंबांत कोठे दहन तर कोठे दफन. या सर्वांना हा नियम सारखाच आहे आणि त्याने धार्मिक विधीत कोणताही अडथळा येत नाही. विधी आपल्या रीतीप्रमाणेच होतात, फक्त ध्वज काढण्यासाठी किती वेळ द्यायचा, हे पुरोहित, मौलाना, भंते किंवा जंगम यांना आधी सांगून ठेवावे.

ध्वजाची परवानगी नसली तरी सन्मानाच्या खुणा उरतातच. गणवेशातील छायाचित्र, छोट्या उशीवर ठेवलेली पदके, रेजिमेंटची टोपी आणि फुलांचे पुष्पचक्र यांना कोणतीही मनाई नाही.

मानवंदनेत नेमके काय होते?

तुकडी आली असेल, तर साधारणपणे आधी पुष्पचक्रे वाहिली जातात. त्यानंतर ‘शोक शस्त्र’ या हुकमावर जवान बंदुकीची नळी खाली करून मान झुकवतात. फैरींची मंजुरी असल्यास हवेत तीन फैरी झाडल्या जातात आणि बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. काही क्षणांच्या स्तब्धतेनंतर ‘राऊज’ ही बिगुलाची दुसरी धून वाजते. लास्ट पोस्ट सुरू झाल्यावर उपस्थितांनी उभे राहावे आणि घोषणा थांबवाव्यात. ‘अमर रहे’ची घोषणा त्याच वेळी सुरू झाली की बिगुल ऐकूच येत नाही, आणि हे आपल्याकडे फार वेळा होते.

पोलिसांची सलामी ही वेगळी बाब आहे. शासकीय इतमामातील अंत्यसंस्कारासाठी राज्य शासनाचा आदेश लागतो. तो आदेश आल्यावर जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक व्यवस्था करतात. तहसीलदारांना किंवा ठाणेदारांना आपल्या अधिकारात हे करता येत नाही, म्हणून त्यांच्यावर नाराज होण्यात अर्थ नाही.

वडील केंद्रीय राखीव पोलीस दलात किंवा सीमा सुरक्षा दलात होते. हीच पद्धत लागू होते का?

नाही. लातूर जिल्ह्यात या दोन्ही दलांची प्रशिक्षण केंद्रे असल्याने हा गोंधळ नेहमी होतो. ही दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात आणि त्यांचे निवृत्त जवान ‘माजी सैनिक’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्या कुटुंबांनी संबंधित दलाच्या जवळच्या केंद्राशी संपर्क साधावा.

मृत्यूची नोंद करताना काय सांभाळावे?

नोंद २१ दिवसांच्या आत करावी. गावात ती ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिकेत होते. मृत्यू रुग्णालयात झाला असेल, तर तो ज्या हद्दीत झाला तेथेच होते. म्हणजे वडील गेवराईचे असले तरी संभाजीनगरच्या दवाखान्यात गेले असतील, तर प्रमाणपत्र संभाजीनगरातून मिळेल. ३० दिवस उलटले की जिल्हास्तरीय अधिकाऱ्यांची परवानगी आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

नाव मात्र पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये, म्हणजे पीपीओत, जसे आहे तसेच लिहून घ्यावे. गावात वडिलांना सगळे ‘नाना’ किंवा ‘मेजरसाहेब’ म्हणत असतील, ग्रामपंचायतीच्या वहीत ‘ज्ञानोबा’ असेल आणि लष्करात ‘ज्ञानदेव’, तर पुढचे सहा महिने हाच एक फरक निस्तरण्यात जातात.

घरात कोणकोणते कागद शोधावेत?

वडिलांची काळी पत्र्याची ट्रंक असेल, तर तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने रंगवलेला सेवाक्रमांक बहुधा अजून वाचता येतो; तेथूनच सुरुवात करावी. आत डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी मिळालेले सेवानोंदींचे पुस्तक), पीपीओची प्रत, माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड, कॅन्टीनचे कार्ड, बँकेचे पासबुक आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे प्रमाणपत्र यांचा शोध घ्यावा. निवृत्तीनंतरही काही मुदतीपर्यंत वाढीव विम्याचे संरक्षण असते. ती मुदत संपलेली आहे की नाही, हे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ठरवू नये. डिस्चार्ज बुकाचे कोणतेही पान लॅमिनेट करू नये. प्रत्येक कागदाची रंगीत प्रत काढून मूळ कागद एका जागी ठेवावेत.

सेवाक्रमांक सापडला, पण रेकॉर्ड ऑफिस कोणते हे कळत नाही.

सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणारे रेकॉर्ड ऑफिस गावावरून ठरत नाही, रेजिमेंटवरून किंवा कोअरवरून ठरते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे (लष्करी अभियंत्यांचे) पुण्याजवळ खडकीला, चिलखती दलाचे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे (विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या कोअरचे) सिकंदराबादला, वैद्यकीय कोअरचे लखनौला आणि सर्व्हिस कोअरचे बेंगळुरूला आहे. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे आणि वायुसैनिकांच्या दिल्लीतील सुब्रतो पार्क येथे असतात. आजोबा १९४५ पूर्वीच्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये असतील, तर चौकशी रानीखेतला करावी लागते, कारण त्या वर्षी त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. निजामाच्या संस्थानी फौजेतील नोकरी ही त्याहून निराळी गोष्ट आहे आणि ती या कार्यालयात सापडणार नाही.

एक बारकावा लक्षात ठेवावा. शिपाई म्हणून भरती होताना मिळालेला क्रमांक नायब सुभेदार झाल्यावर बदलतो आणि नव्या क्रमांकाच्या आधी ‘जेसी’ ही अक्षरे येतात. अर्जात दोन्ही क्रमांक लिहावेत.

पेन्शन बंद करणे आणि आईचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करणे, यांत आधी काय करावे?

दोन्ही एकाच कळवण्यातून होते. संरक्षण निवृत्तिवेतनाचा कारभार आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर चालतो आणि मृत्यूची माहिती तिच्या संकेतस्थळावर किंवा जवळच्या सीएससी (सामायिक सेवा) केंद्रावर नोंदवता येते. मृत्यू प्रमाणपत्र, आईचे आधार, पॅन, बँक खाते आणि पीपीओ क्रमांक लागतात. वडिलांचे पेन्शन निधनाच्या दिवसापर्यंत देय असते आणि कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.

या दरम्यान खात्यावर वडिलांच्या नावाने जमा झालेली रक्कम एटीएममधून काढू नये. ती परत घेतली जाते, आणि कुटुंब निवृत्तिवेतनातून कपात सुरू झाली की घर चालवणे आईलाच जड जाते. निधनापूर्वीची थकीत रक्कम मात्र नामनिर्देशित व्यक्तीला मागता येते.

सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते; किमान रक्कम दरमहा ९,००० रुपये अधिक महागाई सवलत. निवृत्त सैनिक वयाच्या ६७ वर्षांपूर्वी गेला असेल, तर सात वर्षे किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, ५० टक्के दर मिळतो. वडिलांनी निवृत्तीनंतर बँकेत किंवा अन्य शासकीय सेवेत दुसरी नोकरी करून तेथील पेन्शनही मिळवले असेल, तर २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्ही कुटुंब निवृत्तिवेतने मिळू शकतात; कित्येक घरांत दुसऱ्यासाठी अर्जच केलेला नसतो.

लष्कराच्या नोंदीत आईचे नाव वेगळे आहे. आता काय करावे?

आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सर्वाधिक वेळ याच प्रश्नावर जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची रीत मराठवाड्यात सर्रास होती. जवान सुटीवर येऊन लग्न करून परतला, त्याने युनिटच्या क्लार्कला बायकोचे नाव तोंडी सांगितले, परप्रांतीय क्लार्कने ते कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिले आणि त्याचीच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कौटुंबिक बदलांची अधिकृत लष्करी नोंद, निघाली. मग पीपीओत ‘सकू’ असते, आधारवर ‘सखुबाई’ आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे ‘शकुंतला’. जन्मतारखेचे तर विचारूच नका. आधार काढताना केंद्रावरच्या मुलाने टाकलेली १ जानेवारी निम्म्या गावाची जन्मतारीख झालेली असते.

फरक केवळ स्पेलिंगचा असेल, तर प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन आणि सरपंच किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने दिलेले ‘एकच व्यक्ती’ असल्याचे प्रमाणपत्र जोडून अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवावा. नाव पूर्णपणे वेगळे असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागू शकतो. त्यानंतर रेकॉर्ड ऑफिसच्या शिफारशीवरून दुरुस्ती पीपीओ निघते. लष्करासाठी ती प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून येते.

येथे माझे एक ठाम मत आहे: आधार दुरुस्त करून ते पीपीओशी जुळवणे शक्य असेल, तर तोच मार्ग आधी धरावा. पीपीओ दुरुस्त करण्यापेक्षा तो सहसा लवकर संपतो. वडील हयात असलेल्या घरांनी तर हे काम आजच करावे, कारण सैनिकाच्या स्वतःच्या सहीने होणारी दुरुस्ती आणि त्याच्या पश्चात विधवेला सिद्ध करावी लागणारी ओळख यांत फार मोठे अंतर आहे.

तलाठ्याकडील वारस नोंद सातबाऱ्यापुरती असते. पेन्शनच्या थकबाकीवर वाद असेल किंवा नामनिर्देशन नसेल, तर न्यायालयाचे वारस अथवा उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. वडिलांची दोन लग्ने झालेली असतील, तर कागद भरण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

आईही हयात नाही. मुलांना काही मिळते का?

२५ वर्षांखालील, अविवाहित आणि न कमावणाऱ्या मुलामुलींना मिळते. अवलंबून असलेल्या अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला २५ वर्षांनंतरही मिळू शकते; परंतु तिचे वैधव्य आई-वडिलांच्या हयातीतले असावे लागते आणि घटस्फोट, निदान त्याचा दावा तरी, त्यांच्या हयातीत दाखल झालेला असावा लागतो. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते आजीवन मिळते. अशा अपत्याचे नाव पीपीओत आधीच चढवता येते आणि चढवावेच.

वडील पेन्शन न घेता परतले होते. त्यांच्या नोंदी मिळतील का?

अशा सैनिकांची सेवा कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात, परंतु लाँग रोल ही मूळ नोंद कायम राहते. त्यातून भरती आणि सेवामुक्तीची तारीख कळू शकते. रेकॉर्ड ऑफिसला साधे पत्र लिहूनही उत्तर आले नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा आणि सोबत मृत्यू प्रमाणपत्र व नाते सिद्ध करणारा कागद जोडावा. अशा हवालदार हुद्द्यापर्यंतच्या सैनिकाची विधवा ६५ वर्षांवरील असेल, तर तिला केंद्रीय सैनिक बोर्डाच्या निर्वाह अनुदानासाठी अर्ज करता येतो. तो जिल्हा कार्यालयातूनच जातो.

ईसीएचएस, कॅन्टीन आणि घरपट्टी यांचे काय?

वडिलांची कार्डे परत करून आईच्या नावाने नवी घ्यावीत. विधवेचे ओळखपत्र सैनिक कल्याण कार्यालय देते आणि बाकी सर्व कामांना तेच लागते, म्हणून ते आधी काढावे. महाराष्ट्रात २०२० पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट आहे. ग्रामपंचायतीला ही योजना ठाऊक नसेल, तर अर्जासोबत शासन निर्णयाची प्रत द्यावी.

पदके हरवली आहेत, काही तर कधी मिळालीच नाहीत.

१९६५ च्या युद्धातील सैनिकांना समर सेवा स्टार किंवा रक्षा पदक, आणि १९७१ च्या युद्धातील सैनिकांना ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’ किंवा संग्राम पदक मंजूर झाले होते. मंजूर होऊनही अनेकांनी ती घरी येईपर्यंत नोकरी सोडली होती. डिस्चार्ज बुकात पदकांची नोंद असते. ती पाहून रेकॉर्ड ऑफिसकडे मागणी करावी. हरवलेल्या पदकाची दुसरी प्रत शुल्क भरून मिळते आणि त्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद केलेली असावी. दिवंगत सैनिकाची पदके जवळच्या नातेवाइकाला युद्धस्मारकावरील आदरांजलीच्या कार्यक्रमात छातीच्या उजव्या बाजूला लावता येतात. डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची असते, त्यामुळे अशा कार्यक्रमाला नातवाला पदके लावून पाठवताना ती कोणत्या बाजूला लावली आहेत, हे पाहावे.